काळीला ठाण्यात हजर करा

मी एकदा जमिनीला अटक करायला निघाले होते. जमीन म्हणजे अक्षरशः शेतातली माती. तपासाच्या कागदावर मी तिचं नाव लिहिलं, वयाची जागा रिकामी सोडली आणि तिला ठाण्यात हजर करा असा हुकूमही देऊन बसले. पुढे निरीक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत पुष्कळ गुन्हे हाताखालून गेले, त्यातले कितीतरी आता आठवतसुद्धा नाहीत. पौडचं नाव निघालं की ही एक घटना मात्र काल घडल्यासारखी समोर येते. घरातली नातवंडंही हीच गोष्ट मागतात, आणि ऐकताना एकही जण माझी बाजू घेत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. महिला पोलीस तेव्हा बोटांवर मोजण्याएवढ्या. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आलेली, पुण्याच्या पेठेत वाढलेली, शेत पाहिलेलं तेही एस.टी.च्या खिडकीतून. पण ऐट अशी की गणवेशाची साडी नेसल्यावर मी घरच्या मांजरालाही हुकमी आवाजात हाक मारत असे. मुळशी तालुक्यातल्या एका तक्रारीत संशयित बाई होती. तिच्या चौकशीसाठी बाई पोलीस हवी, म्हणून मला काही दिवसांसाठी पौड ठाण्याला पाठवलं. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार डायरी उघडून बसायचा, दोन शिपाई गस्तीला जायचे, आणि बाकीचे मी खुर्चीवर कशी बसते ते चोरून बघायचे.

फौजदारसाहेबांनी मला तक्रार वाचायला दिली. तक्रारदार घोटावड्याचे, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आपण त्यांना सुभेदारच म्हणू. गावाबाहेर, स्वतःच्या शेतात त्यांनी पक्क्या विटांचं, सिमेंटचा गिलावा केलेलं घर बांधलं. वर्ष उलटलं नाही तोच भिंतींना भेगा पडल्या. पावसाळ्यात दार चौकटीत असं आवळून बसलं की खांदा लावून उघडावं लागायचं. आता उन्हाळ्यात भेगेत हात जात होता. अधूनमधून रात्री भिंतीतून ‘कड्ड’ असा आवाज यायचा, उठून पाहावं तर बाहेर कुणी नाही. कुणीतरी पायाच्या दगडांत पहार घालून घर खिळखिळं करतंय, अशी त्यांची तक्रार होती.

संशय होता त्यांच्या विधवा भावजयीवर. पाया खणताना तिने चार माणसांदेखत म्हटलं होतं, “ती तुम्हाला तिथे सुखाने राहू देणार नाही.” अंमलदाराने हे वाक्य शुद्ध मराठीत लिहून पुढे शेरा मारला होता: धमकी.

फौजदारसाहेब पान लावत म्हणाले, “बाई, आधी पहारीची खूण शोधा. ती सापडली तरच माणूस शोधायला लागा.”

मी “होय साहेब” म्हणाले आणि बरोबर उलटं केलं.

पिरंगुटपर्यंत एस.टी., पुढे घोटाव‍ड्यापर्यंत बैलगाडी. गावात पोचल्यावर घर न बघता मी थेट पाणवठ्यावर गेले. बायकांची खबर पाणवठ्यावर मिळते, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. एक म्हातारी धुणं आपटत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आजी, सुभेदारांच्या घराला कुणी हो दगाफटका केला?”

“कोन करनार बाई?” म्हातारी म्हणाली. “त्ये काळीचं काम हाय.”

माझे कान टवकारले. गावात काळी नावाची बाई आहे आणि म्हातारीने तिचं नाव सहज सांगून टाकलं! तक्रारीतल्या ‘ती’चा पत्ता लागला. भावजयीने हिलाच सुपारी दिली असणार. मी झाडाआड जाऊन कागद काढला आणि लिहिलं: मुख्य संशयित, काळी.

“ही काळी राहते कुठे?” मी परत येऊन विचारलं.

“ऱ्हाती म्हंजे? समदीकडं हाय की. सुभेदाराच्या घराखालीच पसरलीया.”

“करते काय दिवसभर?”

“काय करनार? उन्हाळ्यात त्वांड वासून पडती. पावसाळ्यात फुगती.”

दारू पीत असणार, असं मी कागदावर लिहिलं.

त्या दिवशी मी शेतात राबणाऱ्या आणखी तीन-चार जणांना विचारलं. सगळ्यांनी काळीचंच नाव घेतलं, आणि प्रत्येकजण बोलताना खाली बघत होता. नजर खाली गेली की साक्षीदार काहीतरी दडवतोय, हेही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. अख्खं गाव त्या बाईला दबून आहे, अशी माझी खात्री पटली. ते बिचारे डोळ्यांनी काळी दाखवत होते, आणि मी तिच्यावरच चपला रोवून उभी होते.

मग भावजयीकडे गेले. त्यांना आपण वहिनी म्हणू, कारण सुभेदारही तसंच म्हणायचे. सासू लवकर गेलेली, त्यामुळे या वहिनींनीच लहानग्या दिराला वाढवलेलं. फौजेतून सुट्टीवर आला की तो आधी त्यांच्या चुलीपुढे बसायचा. घराच्या जागेवरून बिनसलं, आणि वर्षभर त्याने त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. आता तर त्यांना कोर्टात उभं करायला निघाला होता. हे सगळं मला माहीत होतं, पण गुन्हा उघडकीला आणायच्या नादात त्याचं वजन कळलं नव्हतं.

वहिनी ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

“काळीला ओळखता?” मी उभ्यानेच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “जन्मापास्नं.”

“तिचे तुमचे संबंध कसे आहेत?”

“चांगलं हायेत. ती हाय म्हनून चार घास खातुया.”

“सुभेदारांच्या घराचं तिला तुम्ही सांगितलंत?”

“मी? अवो, ती कुनाचं ऐकती व्हय? मी भाऊजीलाच सांगितलं, तिच्या अंगावर घर बांदू नगा म्हनून. त्यांनीबी न्हाई ऐकलं.”

“आता कुठे लपलीय ती?”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, बाई रडायला लागली. मी आवाज मऊ करून म्हणाले, “घाबरू नका. खरं सांगितलंत तर तुम्हाला माफीची साक्षीदार करता येईल.” त्यावर तर त्या सूप टाकून आतच पळाल्या.

परतताना मी गावच्या पोलीस पाटलांना ताकीद दिली: “काळीला उद्या पौडला हजर करा. सबबी सांगायच्या नाहीत.”

पाटलांनी मिशी चोळली. “समदी आनू का थोडी?”

“थोडी म्हणजे? आख्खी आणा!”

“बरं बाईसायब,” पाटील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना पाटील ठाण्यात आले. डोक्यावर घमेलं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. घमेल्यात काळीभोर, दगडासारखी वाळलेली ढेकळं होती.

“काळी हजर हाय,” पाटील म्हणाले. “आख्खी आननार व्हतो, पन बैलगाडी ल्हान पडली.”

अंमलदाराच्या घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ सगळं ठाणं फुटलं. फौजदारसाहेबांनी मला समजावून सांगितलं, पण डोळे पुसत पुसत. गावाची वस्ती असते ती पांढरी, शेतजमीन असते ती काळी. काळी पावसात पाणी पिऊन फुगते आणि वरचं सगळं उचलते. उन्हात आकसते, भेगाळते आणि वरचं सगळं सोडून देते. म्हणून जुनी माणसं तिच्यावर घर बांधत नाहीत. बांधलंच तर तिला पार खणून काढून, खालच्या घट्ट मुरमावर पाया टेकवतात. सुभेदारांनी पाया कमरेएवढाच घेतला होता.

“मग साहेब, प्रकरण मिटलं,” मी कसंबसं म्हणाले.

“मिटलं कुठे? तक्रारदार हे मानायला तयार नाही. म्हणतो, अशा पुलांवर पहारा केलाय, तोफा गेल्या तरी हलले नाहीत, सिमेंटला माती काय करणार? उद्या त्याने कोर्टात धाव घेतली तर त्याची वहिनी फुकट खेटे घालेल.” साहेबांनी घमेल्याकडे बोट केलं. “आरोपी तुम्ही पकडलाय बाई. आता गुन्हा शाबीत करा.”

ढेकूळ हातात घेऊन मी बसले. लाज वाटत होतीच, पण पदराआड हललेले वहिनींचे खांदे जास्त आठवत होते. आपल्याला कोर्टात ओढायला आलेल्या पोरीपुढे ती बाई हसली होती. तिला कोर्टाची पायरी चढू द्यायची नाही, हे मी त्या टेबलावरच ठरवलं.

मी ठाण्यातली लाख, पितळी मोहोर आणि कागदाच्या पट्ट्या घेतल्या. सुभेदारांच्या माजघरात सगळ्यात मोठी भेग होती. पंच बोलावले. भेगेच्या दोन्ही काठांना धरून आडव्या पट्ट्या ताणून बसवल्या, टोकांना लाख लावून मोहोर उमटवली, वर पंचांच्या सह्या घेतल्या. गोदामाला सील ठोकतात तसं मी भेगेला सील ठोकलं. जमिनीवर चाळलेली राख पसरली, म्हणजे आत कुणी पाऊल टाकलं तर उमटेल. खिडक्या बंद करून दाराला कुलूप घातलं, त्यावर आणखी सील, आणि किल्ली ठाण्यात जमा.

“बाहेरून पहार घातली तर?” सुभेदार तुसडेपणाने म्हणाले.

“बाहेर तुम्ही बसा. तुमच्याइतका पक्का पहारेकरी मला तालुक्यात मिळायचा नाही.”

हे त्यांना पटलं. पडवीत बाज टाकून, उशाला काठी घेऊन ते खरोखर घराभोवती पहारा देऊ लागले. ऊन चढत गेलं. शेतातल्या भेगा रुंदावल्या, आणि मी पौडला जप करावा तसा त्या पट्ट्यांचा विचार करत राहिले. न फाटल्या तर वहिनींची सुटका नव्हती, आणि माझीही.

चैत्र सरता सरता पंचांसह दार उघडलं. दारावरचं सील जसंच्या तसं. राखेवर माणसाचं पाऊल नाही, एका पालीच्या पायांची तेवढी रांगोळी. आणि भेगेवरची एकूण एक पट्टी मधोमध फाटलेली.

सुभेदार भेगेपुढे उभे राहिले. पट्टीची दोन्ही फाटकी टोकं त्यांनी बोटांनी जुळवून पाहिली. जुळेनात.

“पाटील,” मी म्हणाले, “ही पाल पहार चालवू शकेल का?”

“न्हाई वाटत बाईसायब. हाडानं बारीक हाय.”

सुभेदार हसले नाहीत. उंबऱ्यावर बसले, नजर समोरच्या शेतातल्या भेगांवर. मग म्हणाले, “वैनी चार मान्सांत बोलली, त्याचा राग आला व्हता मला. तिनं मला एकट्याला गाठून सांगितलं असतं, तर ऐकलं असतं.” मग स्वतःच पुन्हा म्हणाले, “न्हाईच ऐकलं असतं.”

मी पोलिसी चेहरा करून सांगितलं, “तक्रार मागे घ्यायची असेल तर जबाब संशयिताच्या घरी, तिच्या समक्ष द्यावा लागतो. तसा नियम आहे.”

असा नियम तेव्हा नव्हता, आजही नाही. पाटलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, “व्हय, हाय खरा तसा नियम.”

प्रकरणाला ‘सी’ समरी मिळाली. गुन्हा खरा नाही आणि मुद्दाम खोटाही नाही, समजुतीची चूक, अशी ती पोलिसांची नोंद. चूक तक्रारदाराची, असं कागदावर लिहिलं. माझी चूक कागदावर आली नाही, ती तालुकाभर तोंडी फिरली. पुढे सुभेदारांनी भिंती उतरवल्या आणि पाया पुन्हा खणायला घेतला. वहिनी बांधावर छत्री घेऊन बसायच्या आणि मजुरांना ओरडायच्या, “अजून काळीच हाय, खाली जावा!” चांगला पुरुषभर खाली मुरूम लागला, तेव्हा कुठे त्यांनी छत्री मिटली.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. साक्षीदार काही बोलला की मी विचारू लागले, “हे म्हणजे काय? दाखवा.” पुढच्या कित्येक वर्षांत मला दिसलं, की माणसं आपण समजतो तितकी खोटं बोलत नाहीत. ती खरं सांगतात, आपल्या शब्दांत सांगतात, आणि आपल्याला आधीच आरोपी हवा असतो. धमकी आणि इशारा यांत फरक एवढाच, की बोलणाऱ्याला आपलं नुकसान व्हायला हवंय की टळायला. तो लेखी शब्दांत सापडत नाही. त्यासाठी बोलणाऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागतं.

मी बसले ती जबाबाच्या दिवशी. सुभेदार वहिनींच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पाय धुवा भाऊजी, पानी हितंच हाय.” सुभेदारांनी पाय धुतले आणि चुलीपुढे, बहुधा लहानपणच्याच जागेवर, मांडी घालून बसले. जबाब राहिला बाजूला. वहिनींनी त्यांना वाढलं, मग माझ्यापुढे ताट सरकवलं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची घट्ट आमटी. मी कामावर आहे, काही घेता येणार नाही, असं काहीतरी पुटपुटले.

तेव्हा वहिनी म्हणाल्या, “बाई, मला धराया आलात, त्ये जमलं न्हाई. काळीला धराया गेलात, ती घमेल्यात मावंना. माजा दीर तेवडा बरुबर धरून आनलात. आता गुमान जेवा. ह्येबी काळीचंच काम हाय.”