रक्त कधी तपासलं?

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ती वर्षं. बोंडं अर्धी किडकी, मजुरी मात्र किलोवर. त्यामुळे पोटुशी बाईही दिवस मावळेपर्यंत शेतातून हलत नसे. माझी आईही पूर्वी दारव्ह्याजवळ अशीच वेचणीला जायची. मी संख्याशास्त्र शिकले आणि यवतमाळात एका आरोग्य संशोधनाच्या प्रकल्पात कामाला लागले.

वेचणी करणाऱ्या बायांची बाळं कमी वजनाची का जन्मतात, हा आमचा प्रश्न. कष्टानं आधी आईचं रक्त कमी होतं आणि त्या वाटेनं बाळाचं वजन घटतं, की कष्टाचा परिणाम थेटही पोचतो, हे वेगळं काढायचं होतं. माझ्या पहिल्या विश्लेषणात जवळजवळ सगळा परिणाम रक्ताच्या वाटेनं जाताना दिसला. प्रकल्पप्रमुख डॉक्टर खूश झाले. बाया लोहाच्या गोळ्या घेत नाहीत हेच मूळ कारण, असं वाक्य त्यांनी स्वतः अहवालात घातलं.

ते मला पटेना. मी नेरकडच्या एका गावी गेले आणि आमच्या पाहणीच्या यादीतल्या एका बाईला तिच्या माहितीचा फॉर्म वाचून दाखवला. तिनं आतून गरोदरपणाचं कार्ड आणलं. त्यावर दर महिन्याला दिलेल्या गोळ्यांची नोंद होती.

"सगळ्या खाल्ल्या मी," ती म्हणाली. "नववा लागेपर्यंत वेचणीले गेलती. आन् तुमच्या मान्सायनं रक्त काढलं ते बाळंतपणानंतर. लय रक्त गेलतं माह्यं. मंग ते कमीच भरन ना?"

परतीच्या जीपमध्ये स्वतःची लाज वाटली. बाळ जन्मल्यावर मोजलेलं रक्त बाळाच्या वजनाचं कारण कसं ठरणार? तपासणीची तारीख फॉर्मवर होती. मीच पाहिली नव्हती.

मग मी उपकेंद्रं पालथी घातली. नर्सताईंच्या रजिस्टरांतून बाळंतपणाआधीच्या तपासण्या उतरवल्या आणि सगळं पुन्हा मांडलं. रक्ताच्या वाटेनं जाणारा भाग थोडाच उरला; कष्टाचा बराचसा परिणाम रक्ताला वगळून थेट पोचत होता. आम्ही न मोजलेली उपासमार रक्त आणि वजन दोन्ही बिघडवत असेल, तर चित्र किती बदलेल तेही तपासलं. बदलत होतं, पण डॉक्टरांचं वाक्य खरं ठरण्याइतकं नाही.

हे सगळं मी डॉक्टरांपुढे ठेवलं. गोळ्यांवर निदान उपाय तरी करता येतो, वेचणी कोण थांबवणार, असं त्यांचं म्हणणं.

"सर, ते वाक्य राहिलं तर माझं नाव काढा," मी म्हणाले. "आणि का काढलं असं कोणी विचारलं, तर मी सांगेन."

त्यांनी विचार करायला आठवडा दिला. मी दुसऱ्याच दिवशी माझं म्हणणं लेखी दिलं.

अहवालातून ते वाक्य गेलं. नवा तक्ता आला, तोही परिशिष्टात. माझं कंत्राट मात्र वाढलं नाही. तो अहवाल घेऊन मी पुन्हा त्या बाईकडे गेले आणि ते पान समजावून सांगितलं.

"मंग आता पोटुशी असताना आम्हाले वेचणीतून सुट्टी भेटन का?" तिनं विचारलं.

मागितल्याशिवाय नाही, मी म्हणाले. शेजारच्या चार बायांना तिनं हाक मारली, आणि तहसीलदारांच्या नावचा सुट्टीच्या मागणीचा अर्ज मी तिथंच लिहायला घेतला.