खाडीतला हात

आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात ओल्या रंगाचा वास सुटला, की मला अजून ती दुपारची ओहोटी आठवते.

त्या वर्षी डोळे आखून झाल्यावर एका मूर्तीला कमरेपाशी तडा गेला. डोळ्यांआधी गेला असता, तर बाबांनी ती सरळ फोडली असती. "डोळे उघडले गो त्याने, आता फोडता येत नाय," ते म्हणाले. मग भरतीच्या वेळी आम्ही दोघांनी ती होडीतून नेऊन गुपचूप खाडीत सोडली. मूर्ती प्लास्टरची आहे, विरघळणार नाही, हे त्या घाईत बाबांच्या ध्यानातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला मिठागरावरची येसूमावशी धापा टाकत आमच्या दारात आली. "चिखलातून हात वर आलाय. पाचही बोटं दिसतात. बोलावतोय."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. देव चिखलात टाकला हे कळलं असतं, तर आमची मूर्ती कुणी घरी नेली नसती. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. "गप ऱ्हा," एवढंच म्हणाले. येसूमावशीची बोलावणाऱ्या हाताची गोष्ट गावभर झाली, आणि आम्ही ती होऊ दिली.

काल नात शाळेतून आली नि म्हणाली, "आजी, ओहोटीला बांधावर जायचं नाय. खाडीतला हात ओढून नेतो." खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि माझ्याच अंगावर काटा आला. बाबा गेले, तो हात पाहून धावत आलेली येसूमावशीही गेली. तो हात आशीर्वादाचा आहे हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले. तरी ओहोटीला मी त्या बांधावर जात नाही.