कोळसा घेशीन

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कूलरची खस बदलली. एवढंच. मी जाळी काढून जुनी खस झटकून राहिलो होतो आणि बायको शेजारी खुर्चीवर बसून पदरात स्क्रू सांभाळत होती. एक स्क्रू खाली पडून मोरीकडं गेला तर म्हणाली, "तुमच्यापेक्षा हा शहाणा, उन्हातून पळाला." मग नेहमीचं म्हणाली, "कोळसा घेशीन."

मीही नेहमीचं बोललो, "घेऊन घेऊन तर असा झालो."

ती हसली, स्क्रू माझ्या हातात दिले आणि चहा ठेवाले आत गेली. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा मी आत पाहिलं. ती ओट्यापाशी पडली होती. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले घरीच सारं झालं होतं. संध्याकाळच्या आत मी अग्नी देऊन आलो.

कोळसा घेशीन, हे ती लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी म्हणाले लागली. मी सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात कोळशावर होतो. अंघोळ केली तरी कानात काळं राहायचं. म्हणून मले वाटे, ही चिडवते. पण मी घरचा नळ दुरुस्त करत असलो, सायकलची चेन बसवत असलो, तरी तेच. म्हटलं, नळात कोळसा कुठून येईल? ती नुसती हसे. मलेही ते आवडे, त्याचं कारण वेगळं होतं. आमची मले जन्मभर अहो-जाहो करत आली. मी आठवी शिकलेला, ती प्रोफेसर, तरी चारचौघांत काय आणि घरात काय, तुम्हीच. या एका वाक्यात मात्र तू. घेशीन. ते मी कोणाले सांगितलं नाही.

ती काय शिकवते हे लोक विचारत आणि मी दर वेळी काहीतरी चुकीचं सांगे. तिचे वडील भिलाईले नोकरीत होते. तिथं तेव्हा रशियाचे इंजिनेर सहकुटुंब राहायचे. त्यांच्या पोट्ट्यांसंगं खेळता खेळता तिनं रशियन उचलली. लग्न झालं तेव्हा ती बी.ए. करून राहिली होती, मी मालधक्क्यावर होतो. पुढं ती शिकतच गेली. रशियनवरून तातारी, तातारीवरून तुर्की. एकदा मी विचारलं, इतक्या भाषा घेऊन करतेस काय? तर तिनं मले व्होल्गा नदीची गोष्ट सांगितली. तिच्या काठी तुर्की वळणाची बोली बोलणारे मुसलमान आणि रशियन शेजारी शेजारी राहतात. किती पिढ्या भांडले, पण शब्द, गाणी, रांधणं एकमेकांचं घेत गेले. कोणी कोणाचं काय घेतलं, ते ती शोधे. मी म्हटलं, म्हणजे चोरी पकडतेस. ती म्हणाली, चोरी नाही, उसनं. आपल्या पाऱ्यात शेजारघरून वाटीभर साखर नेतात तसं, फक्त परत कोणी करत नाही.

कैची हा शब्दही तुर्कांकडून आला, असं ती सांगे. असेल. आमच्या घरी कैची आधीपासून होती.

तिची पुस्तकं निघाली, बाहेरच्या देशांतून बोलावणी आली. मी विमानतळावर पोचवाले जाई आणि तेलीबांध्याच्या घरी येऊन भात टाके. तिची पुस्तकं मी पुसली, वाचली नाहीत. वाचता येत नव्हती, त्याचं काय करू.

अग्नी देऊन आलो त्या संध्याकाळी घर भरलं होतं. तिची एक जुनी विद्यार्थिनी आली, आता स्वतःच मास्तरीण आहे, केस पिकले. माझ्याजवळ खाली बसली. मराठी समजते, पण बोलते हिंदीत. मॅडम शेवटी काय बोलल्या, तिनं विचारलं. मी सांगितलं, कोळसा घेशीन म्हणाली. ती मग हळूच म्हणाली, "बाबूजी, ये मराठी नहीं है. मॅडम 'कोलाय गेलसिन' बोलती थीं. तुर्की है."

मी म्हटलं, "मतलब?"

"वहाँ कोई काम करता दिखे तो बोलते हैं. आपका काम आसान हो जाए."

"मलेच म्हणे का?"

"नहीं बाबूजी, सबको. चपरासी को, ऑटोवाले को. हमको भी."

म्हणजे घेशीन नव्हतंच. तू नव्हतंच. ज्याले मी माझं समजलो ते ऑटोवाल्यालेही मिळत होतं. मग मी विचारलं, मी कोळसा ऐकतो हे तिले माहीत होतं का?

"क्लास में बताती थीं. हम लोग बहुत हँसते थे." मग ती ओशाळली. "मैंने एक बार कहा, बाबूजी को बता दीजिए ना. तो डाँट दिया. बोलीं, खबरदार, उनको कोई नहीं बताएगा."

आता काहून? सगळ्यांचे शब्द सुधारणारी बाई. मी 'इश्टेशन' म्हटलं तर टोके. हाच एक का ठेवला? वर्गाले हसाले की आणखी कशाले? मास्तरणीले विचारलं तर ती रडाले लागली. तिलेही माहीत नसावं. मी रागावलो का, तेही मले कळेना.

सकाळी बायकोचा फोन वाजला. लांबलचक नंबर. मास्तरीण रात्री इथंच राहिली होती, ती हात पुढं करून आली. मी दिला नाही. पलीकडं कोणी म्हातारी बाई होती. एक शब्द समजला नाही. रशियन होती की तुर्की, तेही नाही. ती बोलत होती, मधेच रडत होती, मी हव, हव म्हणत होतो. मास्तरीण खुणेनं म्हणे, द्या, मी सांगते. मी नाही म्हणून मान हलवली.

बाईचं बोलून झालं. तिनं फोन ठेवला नाही. तेव्हा मी खाली बसलो आणि काल काय झालं ते तिले मराठीत सांगाले लागलो.