पापण्यांनी वेचायचं मीठ

बाबा गेल्यावर बाळकुमच्या टॉवरमध्ये राहायला आलो, तेव्हा त्यांची एकच वस्तू मी बरोबर आणली, जाड्या मिठाची बरणी. ते आयुष्यभर मिठागरात राबले. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, असं आई आम्हा पोरांना दटावायची, तेव्हा ते हसायचे. "मग माझं कसं गं व्हायचं? मी तर टोपल्याच्या टोपल्या सांडल्यात."

परवा मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिठाच्या पाण्यावर चालणारी गाडी आणली. एक चमचा मिठाला गाडी रांगली, दोन चमच्यांना पळाली. घरातलं बारीक मीठ संपलं, तशी तिने मला न विचारता ती बरणी उघडली. मी भडकले, पण तोवर खडे विरघळले होते. गाडी सुसाट सुटली आणि बाल्कनीच्या दाराशी जाऊन थांबली. तिथून खाडी दिसते.

मी फडकं आणेपर्यंत गाडीतून गळलेले थेंब पंख्याखाली सुकले होते. लादीवर दारापर्यंत पांढरे डाग उमटले होते. बाबा कामावरून आले की त्यांच्या ओल्या पावलांचे असेच डाग पडायचे, फक्त ते घरात येणारे असायचे.

मी पुसायला ओणवी झाले आणि हात थबकला. शेजारी कुणीतरी जमिनीला पापण्या टेकवून, धापा टाकत, हे आजचं सांडलेलंही वेचत होतं.