प्लांट नंबर तीनचे महाराज

प्रतापराव दुष्ट असते तर फार बरं झालं असतं. दुष्ट माणसाला निदान मनसोक्त शिव्या तरी घालता येतात. पण आमचे प्रतापराव पापभीरू. त्यांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. भलंही केलं नाही, कारण त्यासाठी वरून ऑर्डर यावी लागते.

मी समिधा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. कारखान्याचं नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. आम्ही कापड रंगवायची पावडर बनवतो; आज कोणता रंग चालू आहे ते आमच्या माणसांच्या कानामागे बघितलं की कळतं. प्लांटमधून नमुना येतो, मी तपासते, पास किंवा नापास लिहून सही करते. प्लांट नंबर तीनचे सुपरवायझर प्रतापराव ती सही डोळ्यांनी बघतात आणि तरी मला विचारतात, "मॅडम, म्हणजे पास समजू ना?"

मूळचे ते साताऱ्याकडचे. इथे सरावलीला फ्लॅट घेतला, तोसुद्धा शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच इमारतीत घेतला म्हणून. त्यांच्या बायको मंदावहिनी सांगतात की लग्नात अंतरपाट बाजूला झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हे हातात हार घेऊन मामांकडे बघत उभे. मामांनी मान हलवली तेव्हा कुठे हार गळ्यात पडला. वहिनी हे हसत सांगतात. इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस हसायला शिकतो.

प्लांट तीनमध्ये इंद्रजीत नावाचा ऑपरेटर होता. औशाकडचा, तरणाबांड, तोंडाने फटकळ आणि कामाला वाघ. सालवडला एका खोलीत बायको प्रतीक्षा आणि शाळेत नुकतीच जायला लागलेली मुलगी. सात वर्षं काम आमच्याकडे करत होता, पण माणूस मात्र कंत्राटदाराचा. कंत्राटदार बदलला की नवा येताना स्वतःची माणसं आणतो आणि जुनी गावाला जातात, ही इथली रीत. इतक्या वर्षांनी यंदा कंत्राटदार बदलणार होता. पण यंदाच प्लांट तीनला एक कायमची जागा मंजूर झाली होती, आणि ती कोणाला द्यायची ते सुपरवायझर सांगेल, असं मॅनेजरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणजे इंद्रजीतचं इथे बोईसरात राहणं प्रतापरावांच्या एका शब्दावर होतं. आता शब्दासाठी या माणसाकडे जाणं म्हणजे आंधळ्याला वाट विचारणं, पण जागा त्यांच्या हातात होती त्याला कोण काय करणार!

त्या दिवसांत ऑर्डरी कमी होत्या, अर्धा प्लांट थंड. पोरं कूलिंग टॉवरच्या सावलीत फोन घेऊन बसायची. एकदा प्रतापराव तिथे पोचले आणि म्हणाले, "मोबाईल बंद करा. वरून ऑर्डर आहे."

"करतो की सर," इंद्रजीत मान वर न करता म्हणाला. "फक्त आत्ता वेढा पडलाय. जरा दम धरा."

"कशाला वेढा?"

"किल्ल्याला."

प्रतापराव दम धरून जे उभे राहिले, ते जेवणाचा भोंगा होईपर्यंत उभे होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले आणि ताकाला जाऊन भांडं लपवू लागले. "मॅडम, आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला तो किल्ल्यांचा गेम हवाय. कसा घेतात?" मी त्या गेममध्ये आधीच होते, इंद्रजीतनेच ओढलं होतं. मी सहज मुलाचं वय विचारलं. प्रतापराव म्हणाले, "चोपन्न. म्हणजे, चौदा." मी त्यांच्या फोनवर गेम उतरवून दिला आणि त्या मुलाला आशीर्वाद सांगितला.

गेम जुन्या काळच्या राज्यांचा आहे. सुरुवातीला एक ओसाड गाव मिळतं, चार झोपड्या आणि एक विहीर. शेती वाढवायची, लाकूड तोडायचं, खाण खणायची, तटबंदी बांधायची, सैन्य ठेवायचं आणि जमलं की शेजाऱ्याला लुटायचं. नवख्या राजाला पहिला आठवडा कुणी हात लावू शकत नाही; त्याच्या गावावर निळी ढाल दिसते. त्यानंतर ज्याचं त्याने बघायचं.

राज्याला नाव द्या, असं गेमने विचारलं. आमची पोरं तिथे सिंहगर्जना, काळभैरव, असली नावं ठेवतात. प्रतापरावांनी बराच विचार करून 'प्लांट नंबर तीन' असं ठेवलं. मग गेम विचारू लागला, तुम्ही कोण होणार? योद्धा, व्यापारी की पुरोहित? प्रतापरावांनी मला विचारलं, "माझ्या ग्रेडच्या लोकांनी काय घेतलंय?" मी म्हटलं, पुरोहित. का म्हटलं ते मलाही माहीत नाही. ते पुरोहित झाले.

आणि मग त्यांना दिवाणजी भेटले.

दिवाणजी म्हणजे गेममधला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. नवख्याला तो खेळ शिकवतो. पिवळा बाण दाखवतो आणि हिंदीत म्हणतो, "यहाँ दबाइए, महाराज." तिथे दाबलं की शेत उगवतं. "अब यहाँ," म्हटलं की सैनिक बाहेर पडतो. वर पुन्हा "वाह महाराज!" असंही म्हणतो. प्रतापरावांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जन्मभर ज्याची वाट बघितली तो साहेब त्यांना भेटला होता. काय करायचं ते सांगणारा, कुठे दाबायचं ते दाखवणारा आणि झाल्यावर शाबासकी देणारा!

पण शिकवणी संपते. दिवाणजी वाकून मुजरा करतो, "अब राज्य आपका है, महाराज. निर्णय लीजिए," म्हणतो आणि निघून जातो.

प्रतापरावांना वाटलं, फोन अडकला. त्यांनी तो बंद करून चालू केला. दिवाणजी आले नाहीत. त्यांनी मला दाखवला. मी म्हटलं, "सर, फोन ठीक आहे. आता तुम्ही ठरवायचं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना बॉयलरमध्ये उडी मारायला सांगितलं. मग त्यांनी काय केलं असेल? गेम काढून टाकला आणि पहिल्यापासून चालू केला. दिवाणजी हजर! पुढचे कित्येक दिवस हेच. शिकवणी संपली की राज्य बुडवायचं आणि पुन्हा चार झोपड्या. इतर लोक राज्य वाढवतात, या गृहस्थांनी एकच गाव इतक्या वेळा वसवलं की त्या म्हाताऱ्याचीच मला दया येऊ लागली.

शेवटी इंद्रजीतलाच राहवलं नाही. तो म्हणाला, "सर, आमच्या दरबारात या. तिथं इचारायला मी हाय ना."

दरबार म्हणजे आमचा संघ. सालवड-सरावलीची पोरं, आसपासच्या कारखान्यांतले दोनचार ऑपरेटर आणि मी. इंद्रजीत तिथला महाराज. प्रतापराव दरबारात आले आणि उलटी गंगा वाहू लागली. सकाळी प्लांटमध्ये इंद्रजीत म्हणायचा, "सर, त्यो व्हॉल्व्ह गळतोय, बदलायचा का?" आणि उत्तर मिळायचं, "वर विचारून सांगतो." दुपारी जेवणाच्या सुट्टीत तेच प्रतापराव लिहायचे, "महाराज, शेत वाढवू का?" आणि इंद्रजीत लगेच लिहायचा, "वाढवा." व्हॉल्व्ह मात्र गळत राहिला.

निळी ढाल उतरायची वेळ आली तेव्हा प्रतापरावांना घास जाईना. सैन्य नाही, तटबंदी गुडघ्याएवढी. ढाल उतरली त्या सकाळी त्यांनी घाबरत गेम उघडला, तर गावाच्या वेशीवर इंद्रजीतचे घोडेस्वार उभे. त्यांनी मागितले नव्हते. इंद्रजीतने सांगितलंही नव्हतं. मला ते बघून गलबलून आलं. मी म्हटलं, "सर, याला म्हणतात माणूस. आता ते जागेचं बघा." ते म्हणाले, "हो हो, बघायलाच पाहिजे." हे वाक्य ऐकून मी निर्धास्त झाले. माझ्यासारखी शहाणी बाईसुद्धा कधीकधी असा मूर्खपणा करते.

त्यानंतर लवकरच मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी रिपोर्ट घेऊन तिथेच उभी होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"प्रताप, त्या जागेचं काय? इंद्रजीतला घ्यायचं का?"

प्रतापरावांनी मॅनेजरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिथे कुठेतरी लिहिलेलं असणार, असा त्यांचा जन्मभराचा अनुभव. पण मॅनेजर त्या वेळी संत्रं सोलत होते. संत्र्यावरून काही कळेना.

"सर, तुम्ही म्हणाल तसं."

"मी काय म्हणणार? माणूस तुझा आहे. तू हो म्हण, मी सही करतो."

"वरून काही आलंय का, सर?"

"काही आलं नाही, म्हणून तर तुला विचारतोय!"

मग मीच बोलले. म्हटलं, सर, इंद्रजीतसारखा ऑपरेटर मिळणार नाही. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, लॅबचं तुम्ही बघा." आणि पुन्हा त्यांच्याकडे वळले. "बोल प्रताप."

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर आहे. प्रतापरावांनी घसा साफ केला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, सर. घाई नको."

मॅनेजरांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "बरं. मग नवा कंत्राटदार त्याचा एक माणूस सुचवतोय, त्यालाच घेऊन टाकतो. जागा रिकामी ठेवली तर हेड ऑफिस काढून घेईल."

"तुम्ही म्हणाल तसं," प्रतापराव म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा आनंद होता.

इंद्रजीतने भांडण केलं नाही. ओळखपत्र गेटवर जमा केलं, लॅबच्या दारात येऊन मला म्हणाला, "येतो मॅडम. पोरीची शाळा तेवढी बदलावी लागंल, बाकी काय नाय." मला राग आला होता, इतका की हातातली काचेची नळी मी मुद्दाम खाली ठेवली.

त्याच संध्याकाळी दरबारात घोषणा झळकली. इंद्रजीत महाराज पायउतार झाले होते आणि जाताना गादी त्यांनी प्लांट नंबर तीनला दिली होती. मी फोन करून विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, त्येंच्या वर आता कुणी नाय. बगू काय करतेत." चिडून म्हणाला की हसून, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रतापराव लॅबमध्ये धावत आले. चेहरा पांढराफटक, फोन दोन्ही हातांनी धरलेला. दरबाराच्या मुख्य किल्ल्यावर शत्रू चालून येत होता. सगळ्यांचं सैन्य तयार होतं, पण कूच करायचा हुकूम फक्त महाराजांना देता येतो. गेममध्ये बोलताही येतं, त्यामुळे फोनमधून पोरांचा गलका चालला होता, "महाराज, बोला! महाराज, जायचं का?"

"मॅडम, काय करू?"

"मला काय विचारता? महाराज तुम्ही."

"साहेबसुद्धा आज मुंबईला गेलेत हो," ते म्हणाले. या माणसाने किल्ल्यासाठी खरोखरच मॅनेजरांची केबिन ठोठावली होती!

मी माझ्या फोनवरून इंद्रजीतला लावलं आणि स्पीकर चालू केला. तो एसटीत होता, गाडी मनोरच्या पुढे गेली होती. मागे त्याची मुलगी खिडकीची जागा मागत होती.

"इंद्रजीत, अरे, हल्ला आलाय. पाठवू का सैन्य?"

"पाठवा की सर. तांबडं बटण हाय, बोट लावा. तुम्ही हुकूम दिला की सगळे जातेत."

"पण चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं. किल्ला जाईल. बोट नाय लावलं तर जाणारच हाय."

प्रतापरावांनी डोळे मिटले आणि बटणावर बोट ठेवलं. तुताऱ्या वाजल्या, चहूकडून घोडे सुटले. शत्रू तटाला लागायच्या आत आमचं सैन्य आडवं आलं आणि किल्ला वाचला. प्रतापरावांनी डोळे उघडले. त्यांना हसू आवरेना. लहान मुलासारखे ते माझ्या फोनवर ओणवे झाले. "वाचला रे, वाचला! इंद्रजीत, इतकं सोपं असतं हे?"

एसटीच्या इंजिनाचा आवाज येत राहिला.

"हो सर," इंद्रजीत म्हणाला. "एवढंच असतंय." आणि त्याने फोन ठेवला.

ते हसू प्रतापरावांच्या तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून ठेवायचं कुठे ते त्यांना कळेना. मग हळूहळू उतरलं. लॅबच्या काचेतून प्लांट दिसतो. तिथे नवा ऑपरेटर शिडीवर चढून कुणाला तरी विचारत होता की कुठला व्हॉल्व्ह उघडायचा.

"मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी तेव्हा हो म्हटलं असतं तर..."

"तर तो आज इथे असता," मी म्हटलं. मला त्यांची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं.

ते स्टुलावर बसले. त्यांच्या हातातला फोन थांबायला तयार नव्हता. दरबारातली सगळी पोरं एका सुरात ओरडत होती, "महाराजांचा विजय असो! महाराजांचा विजय असो!" प्रतापराव पडद्यावर इथे तिथे बोट लावत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हा आवाज बंद कसा करतात हो?"

मला येत होतं. मी सांगितलं नाही.