पेशींची अर्धी साक्ष

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला नमस्कार असो. आज आमच्या कन्येचा प्रबंध बांधून घरी आला. देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवून आम्ही उभयतांनी त्यावर हळदकुंकू वाहिले. मज्जापेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांचे वैविध्य, हा त्याचा विषय. त्या विषयापायी दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. ती आजच्या निमित्ताने लिहून ठेवतो.

भिवंडीच्या एका शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतली माणसे मुहूर्त, विवाहमेलन विचारायला येत. कन्या मुंबईत संशोधन करीत होती. त्या श्रावणात तिने सांगितले की, सोबत काम करणाऱ्या कल्याणच्या एका मुलाशी लग्न करण्याची तिची इच्छा आहे. घर सुशील, मुलगा शांत. त्याच्या वडिलांनी होकारही कळवला होता. पण गोत्र आमचेच निघाले, आणि प्रवरही तेच.

महिनाभर मी उत्तर दिले नाही. आदल्याच वर्षी अंजूरचे एक शेतकरी गृहस्थ मुलीचे ठरत आलेले लग्न घेऊन माझ्याकडे आले होते. दोन्हीकडचे देवक एक निघाले आणि मी ते लग्न थांबवायला सांगितले. त्यांनी एका शब्दानेही वाद न घालता ऐकले. नियम परक्याच्या मुलीला एक आणि स्वतःच्या मुलीला दुसरा, असे कसे म्हणावे? आणि नकार दिला तर मुलगी या घरात पाहुणीसारखी येऊ लागेल, हे दिसतच होते.

भाद्रपदातल्या एका रविवारी ती घरी आली. भारनियमनाने भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम थांबले होते, म्हणून बोललेले ऐकू येत होते. मी सहज विचारले, तू प्रयोगशाळेतल्या त्या फळमाश्यांवर नेमके काय करतेस? तिने एका हाताची बोटे चटईवर पसरली. मज्जापेशीला अशा शेकडो फांद्या असतात, ती म्हणाली. पेशीच्या अंगावर काही प्रथिने उभी असतात. एकाच जनुकाचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडून त्यांची हजारो रूपे होतात, आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला त्यांतली काही मोजकीच येतात. त्यांवरून पेशी स्वतःला ओळखते. तिच्याच दोन फांद्या एकमेकींना भेटल्या, की सारखे रूप सारख्याला क्षणभर धरते आणि दोघी दूर वळतात. म्हणून गुंता होत नाही.

"म्हणजे सगोत्र," मी म्हणालो.

ती हसली. "तुम्ही सगळ्यांना मुंजीला बसवाल, बाबा." एवढ्यात पाने वाढल्याची हाक आली आणि विषय तिथेच राहिला.

मी मात्र त्या रात्री महिन्यानंतर प्रथमच शांत झोपलो. मंगळवारी मुलाच्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. धर्मशास्त्र सांगते तेच अर्वाचीन जीवशास्त्रही सांगते, खुद्द माझ्या कन्येचे संशोधन त्याला साक्षी आहे, सबब हा संबंध होणे नाही. पत्र पेटीत टाकले. वाटले, नकार मी दिलाच नाही, सृष्टीनेच दिला.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिला ते सांगितले.

"बाबा, मी अर्धंच सांगितलं होतं. त्याच मेंदूत दुसरी प्रथिनं आहेत, ती सारख्याला सारखं धरतात आणि सोडत नाहीत. ती नसती तर मेंदूचे थरच टिकले नसते. पेशींना गोत्र ठाऊक नाही. नाही म्हणायचं तर स्वतःच्या नावानं म्हणा. माझ्या माश्यांच्या नावानं नको."

तिचा आवाज चढला नव्हता. जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की, अर्धे वचन उद्धृत करणे हे असत्यच होय. आणि मी मुलीचेच वचन अर्धे तोडून तिच्याविरुद्ध उभे केले होते.

गुरुवारी पूजा कशीबशी आटोपून कल्याणच्या शेअर रिक्षात बसलो. कोन गावाजवळ मालाच्या ट्रकांची रांग लागलेली. शेजारी रात्रीची ड्युटी संपवून निघालेला एक लूम कामगार होता. माझी चुळबूळ पाहून त्याने विचारले, "चाचा, अस्पताल जाना है क्या?" मी नुसती मान हलवली. टपाल आधी पोहोचते की मी, एवढेच मनात होते.

कल्याणला त्यांच्या फाटकाशी पोहोचलो आणि समोरून पोस्टमन आला. लिफाफ्यावरचे माझे अक्षर मला लांबून ओळखू आले. ते पत्र मीच लिहिले आहे, परत द्या, असे मी त्याला विनवले.

"बाबा, पेटीत पडलं की तुमचं नाय राहत. वर ज्याचं नाव, त्याचं," असे म्हणून त्याने ते दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या हाती ठेवले. ते मुलाचे वडील होते.

मी उंबऱ्यातच सांगितले की, या पत्रातली साक्ष खोटी आहे, वाचण्याआधी हे ऐकावे. त्यांनी मला आत बसवले, पाणी दिले, आणि शांतपणे शेवटपर्यंत पत्र वाचले.

"साक्ष खोटी, हे समजलं, गुरुजी. पण नकार?"

मी म्हणालो की, नकार नाही, भय आहे. शास्त्र मोडल्याचे आहे, आणि मुलगी दुरावण्याचेही आहे.

"पहिलं भय मीही रोज देवापुढे घेऊन बसतो," ते म्हणाले. "दुसरं घेऊन मात्र मला बसवेना. म्हणून हो म्हटलं."

मी तिथेच होकार दिला. कन्यादान तिच्या मामांच्या हातून करवावे, म्हणजे गोत्र बदलेल, अशी तोड पुढे पुष्कळांनी सुचवली. मी ती घेतली नाही. कन्यादान मीच केले. संकल्पात दोन्हीकडचे गोत्र एकच उच्चारताना माझा आवाज कापत होता, आणि ते सर्वांनी ऐकले. लग्नाच्या आधी मी अंजूरला जाऊन त्या शेतकरी गृहस्थांनाही हे सारे सांगून आलो. त्यांनी चहा दिला, मी थांबवलेल्या त्या लग्नाविषयी एक अक्षरही काढले नाही. भय पुरते गेले, असे मी आजही म्हणणार नाही. संध्येला बसलो की ते शेजारी येऊन बसते.

वाचकहो, तुमच्या घरी सत्य पूर्ण बोलले जावो आणि पूर्ण ऐकलेही जावो. तुमच्या मुलीबाळी नि:शंक मनाने माहेरचा उंबरा ओलांडोत, आणि कुलस्वामिनी तुमच्या घरादाराला सुखरूप ठेवो.