दोन धारांची हमी

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तिचे सासरे चार माणसांसमोर म्हणाले होते, "व्यापाऱ्याचा शब्द अर्धा धरायचा असतोय." बैठक हसली. मुलीचा बाप म्हणून मीही हसलो. पण ते वाक्य मी विसरलेलो नाही. दुसऱ्यांच्या म्हशी पायी हाकत मुरगूडच्या बाजाराला नेण्यापासून मी सुरुवात केली. आज कोल्हापुरात माझा स्वतःचा गोठा आहे आणि गारगोटीपासून कागलपर्यंत माझ्या शब्दावर न बघता म्हैस घेणारी माणसं आहेत. आणि हा माणूस मला अर्धा धरतो.

म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं, त्याचा हिशेब मला अजून लागत नाही.

व्याह्यांच्या शेजाऱ्याची म्हैस व्याली आणि चिकाच्या दुधाचा खरवस गल्लीत घरोघर गेला. त्या दिवशी मी नात बघायला गेलो होतो. दोन वड्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात ती म्हैस तोंडाला फेस आणून दावणीला धडका द्यायला लागली आणि मेली. मग कुणाला तरी आठवलं, मागं तिला कुत्रं चावलं होतं.

मुलीचा फोन आला. "आबा, सगळी गल्ली कुत्र्याचं इंजेक्शन घ्यायला सरकारी दवाखान्यात निघालीया. तुमीबी खाल्लाय की." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मी पोरीलाबी आणतीया. पलीकडच्या गल्लीत दोन पोरांना गोवर उठलाय. हिचा डोस अजून राहिलाय. मी बोलले की मामा जेवत न्हाईत. तुमी बोला."

मामा म्हणजे तिचे सासरे. मागच्या डोसाला नातीची मांडी सुजली होती, अंग तापलं होतं, दोन दिवस पोर कळवळत होती. तेव्हापासून त्यांनी नर्सबाईंना उंबऱ्यातूनच परत पाठवायला सुरुवात केली होती. आता नातीला नऊ महिने उलटून गेले होते, गोवर पलीकडच्या गल्लीत येऊन बसला होता, आणि मी मुलीचा बाप. तिच्या सासरी माझा आवाज किती चढवायचा, यालाही माप होतं.

मी गेलो तर रांगेत सगळ्यांत पुढं व्याही उभे.

डॉक्टर तरुण होते. ते बाहेर येऊन म्हणाले, "खरवस उकडलेला असतो. तो खाल्ला म्हणून इंजेक्शनची गरज नाही. ज्यांनी तिची धार काढली, तोंडात हात घातला, त्यांनीच थांबा."

"न्हाय कसं?" व्याही भडकले. "आमी काय मरायचं व्हय? आमाला पायजे म्हणजे पायजे!"

खरं सांगतो, त्यांच्या मागून मीही ओरडलो. दोन वड्या माझ्याही पोटात होत्या. आम्ही दोघं एका बाजूने भांडायची ती पहिलीच वेळ.

डॉक्टर बधले नाहीत. आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात नर्सबाईंनी नातीकडं पाहिलं. "हिचा गोवराचा डोस राहिलाय. आणलीच आहे तर देऊन टाकू."

"तिला नगं," व्याही म्हणाले.

"अवो पावणं," मी म्हणालो, "डाक्टर नगं म्हणतोय ते तुमाला पायजे, आणि घ्या म्हणतोय ते नगं. ही कुठली रीत?"

"जे गळ्यात मारत्यात, त्यात खोट असतीया. ज्यो लई गुण सांगतोय त्येच्या म्हशीच्या कासेचं एक सड बंद असतंय, असं कोण म्हणालतं? तुमीच की. आमच्याच ओसरीवर बसून."

म्हणालो होतो. धंद्यात ते खरंही आहे. पण माझंच वाक्य माझ्यावर कुणी उलटवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तुमच्या म्हशींना लाळ-खुरकताची लस टोचून घेतासा की. तवा खोट दिसत न्हाय?"

त्यांनी नातीच्या टाळूवर हात ठेवला. "म्हैस गेली तर बाजारातनं दुसरी आणता येती, पावणं."

उत्तर नसलं की मला राग येतो. मी टॉवेल झटकून उठलो. "ऱ्हाऊ दे मग! माझं काय जातंय?" आणि दाराकडं चालू लागलो.

सौद्यातलं माझं हे शेवटचं हत्यार. पाठ फिरवायची आणि मनात म्हणत चालायचं, आता हाक येईल, आता येईल. आयुष्यभर येत आली. गेटापाशी पोचलो. हाक आली नाही. मागं वळून पाहिलं तर व्याही नातीला छताचा पंखा दाखवत होते. मी बाहेर पडलो याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना माझ्याकडून काही घ्यायचंच नव्हतं, मग हाक कशाला मारतील? मुलगी मात्र माझ्याकडं बघत होती.

मी आपला आपण परत आलो. असा परत येण्याचा प्रसंग मला आठवत नाही.

"आलासा?" व्याही म्हणाले. "बसा. एक सांगा. म्हैस इकल्यावर दोन धारा हुईस्तोवर इकणारा थांबतोय का न्हाय?"

"थांबतोय." आमच्याकडं बोललेलं दूध खरंच निघतं का, हे संध्याकाळची आणि सकाळची धार काढून बघतात. तोवर विकणाऱ्यानं जागचं हलायचं नाही.

"मग तुमीबी थांबा. टोचल्यावर दोन धारा माझ्या घरात मुक्काम. पोरगीला काय झालं तर तोंड लपवायला कोल्हापूर गाठायचं न्हाय."

"कबूल! दोन काय, चार थांबतो!"

"दोनच. चार धारा तुमाला कोण सांभाळणार?"

मी हात पुढं केला, त्यांनी तो दाबला, बाकावरची माणसं हसायला लागली. नर्सबाई काहीतरी सांगत होत्या, पण आम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. नात एकदाच किंचाळली. झालं.

संध्याकाळची धार झाली, सकाळची झाली. नात हसत होती, गोठ्यातल्या वासराचं शेपूट ओढायला बघत होती. मी मिशीवर हात फिरवत कोल्हापूरला आलो. व्याह्यांचा अर्धा शब्द मी पुरा करून दाखवला होता.

आठवडा उलटल्यावर फोन. मुलीचा नाही, व्याह्यांचा. "पावणं, पोरगी तापलीया. अंगावर बारीक पुरळ उठलंय. हमी कुठं गेली तुमची?"

मी हातातलं काम टाकून गाडीवर बसलो. वाटेत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायची लाज वाटते. त्यांचंच खरं असलं तर? मी तरी कशाच्या जोरावर हमी घेतली होती? लसीतलं मला काय कळतं? मला फक्त जिंकायचं होतं का?

आम्ही नातीला घेऊन दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी तिला उघडी करून बघितलं, डॉक्टरांना दाखवलं आणि आमच्याकडं वळल्या. "त्याच दिवशी सांगितलं होतं की. या लसीचा ताप लगेच येत नाही. आठवडा-दीड आठवड्यानं एखाद्या बाळाला येतो, पुरळही येतं, आणि आपोआप जातं. पण तुम्ही दोघं हातात हात घालून ओरडत होता."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

ताप उतरला. पुरळ गेलं. पलीकडच्या गल्लीतला गोवर आमच्या नातीपर्यंत आला नाही. आता व्याही काहीतरी बोलतील, निदान 'बरं झालं' म्हणतील, म्हणून मी वाट बघितली. शेवटी मीच विचारलं, "पटलं का मग?"

"पटलं कुठं? दिली."

यातलं मला काही कळलं नाही. पटल्याशिवाय माणूस देतो कसा? आणि माझ्यासाठी म्हणून दिली असेल, तर माझा शब्द त्यांनी किती धरला?

परवा गेलो होतो. ओसरीवर ज्याची म्हैस मेली तो शेजारी बसला होता. त्याचा नातू आता नऊ महिन्यांचा होतोय. विचारत होता, गोवराची लस द्यावी का नको.

"दे की!" व्याही म्हणाले. "ताप आला तर येतोय, पर आठवड्यानं. बारीक पुरळ उठतंय, भ्यायचं न्हाय, जातंय आपसूक. नर्सबाई काय सांगत्यात ते नीट ऐकून घ्यायचं." मग माझ्याकडं अंगठा केला. "ह्या व्यापाऱ्याचं ऐकू नगंस. ह्यो दोन धारांचीच हमी दिऊन मोकळा झालता."

शेजारी हसला. मी उठलो, पाठ फिरवली आणि गोठ्यापर्यंत गेलो. रागात की आनंदात, मला सांगता यायचं नाही.

या वेळी मागून हाक आली. "च्या झालाय, पावणं."